तो सुटायच्या आधी

पोलिसाच्या नोकरीत सगळ्यात जास्त काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, चालले. लोकांना वाटतं मी थट्टा करते आहे. पण आमच्या मोखाडा तालुक्यात महिला पोलीस म्हणजे एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात चपला आणि समोर ओढा. गाव रस्त्यावर असतं, पण गावाचे पाडे डोंगरभर विखुरलेले. कागदावर एकच नाव असतं आणि त्या नावाची माणसं चार टेकड्यांवर राहतात. समन्स, नोटिसा, जबाब, पडताळण्या, सगळं पायांनी करायचं. सूर्यमाळच्या बाजूला एका म्हाताऱ्याला मी साक्षीचं समन्स दिलं होतं. तारखेला तो आला नाही म्हणून परत गेले, तर त्यानं ते घडी करून पत्र्याच्या डब्यात रेशनकार्डासोबत ठेवलेलं. म्हणाला, "जपून ठेवलाय बाय, पावसात भिजू नय म्हणून." त्याला काय बोलणार? कागद दिला म्हणजे माणसाला कळलं असं नसतं, हे त्यानं मला पहिल्यांदा शिकवलं. पण मी ते नीट शिकले नाही. त्याचीच ही गोष्ट आहे.

गोष्ट एका मुलीची आहे. तिला मी जानकी म्हणते. हे तिचं नाव नाही. अत्याचार झालेल्या मुलीचं नाव छापायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे. तिच्या पाड्याचं नावही देत नाही. ज्यानं ते केलं त्याला देवजी म्हणते, तेही खोटंच. त्याचं खरं नाव मी का लपवते, ते पुढे येईल.

जानकी तेरा वर्षांची होती. तिची आई आमच्या ठाण्यावर आली ती बाजाराच्या दिवशी, डोक्यावर काकड्यांची टोपली घेऊन. दारातच उकिडवी बसली आणि मला म्हणाली, "बाय, काकड्या घे ना." मी दोन घेतल्या. मग म्हणाली, "अजून घे." मी म्हटलं, एवढ्या काकड्या काय करू? तेव्हा ती टोपलीत खाली बघत हळूच बोलली, "पोरीचं एक सांगायचा हाय. काकड्या घेत बस म्हंजी कोणाला कळायचं नाय."

मी तिथंच जमिनीवर बसले आणि एकेक काकडी निवडत तिचं ऐकत राहिले. देवजी हा जानकीच्या बापाचा चुलतभाऊ. तीन घरं सोडून राहायचा. पोरीला काका म्हणून माहीत. आईबाप भातकापणीला शेतावर गेले की पोर घरी एकटी असायची. किती दिवस चाललं होतं ते आईला माहीत नव्हतं. पोर जेवेना, बोलेना, आणि देवजीचा आवाज आला की चुलीमागे जाऊन बसे. तेवढ्यावरून आईनं ओळखलं. ती शाळेत एक दिवसही गेलेली नव्हती.

अशा मुलीचा जबाब ठाण्यात घ्यायचा नसतो. तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घ्यायचा, बाई अधिकाऱ्यानं घ्यायचा आणि गणवेश घालून जायचं नाही. आमच्या फौजदार मॅडम आणि मी साध्या साड्या नेसून गेलो. मी जव्हारची, वडील मास्तर. लहानपणी वर्गात निम्मी मुलं पाड्यांवरची होती, त्यामुळे त्यांची घरची भाषा मला बऱ्यापैकी येते. म्हणून मॅडमनी मला शेजारी बसवलं.

जानकी तासभर काहीच बोलली नाही. तिच्या घरची शेळी नुकतीच व्यालेली होती. ते पिल्लू मांडीवर घेऊन ती बसली होती. शेवटी मी शेळीचंच विचारलं. मग शेळीवरून शेतावर, शेतावरून घरी, असं हळूहळू तिनं सगळं सांगितलं. एकदा सांगायला लागल्यावर थांबली नाही. मॅडम लिहीत होत्या. एका ठिकाणी त्यांचा पेन थांबला, तेव्हा जानकीच म्हणाली, "लिवा ना."

सगळं झाल्यावर तिनं मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "ह्या लिवलेला कोण वाचणार?" मी म्हटलं, न्यायाधीश आणि वकील. पाड्यात कुणी नाही. दुसरा प्रश्न, "तो परत येल का?"

मी म्हणाले, "त्याला सोडायची वेळ आली तर तुला आधी कळेल. मी स्वतः सांगेन."

हे मी धीर द्यायला म्हणाले नव्हते. कायदाच तसं सांगतो. आरोपीला पकडलं, जामीन मागितला, सुटला, यातली प्रत्येक गोष्ट मुलीच्या घरच्यांना कळवायची असते. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढं तर कुणीही कळवेल. पण आपल्याकडे खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. आरोपीला वकील असतो, सरकारला वकील असतो. जिच्यावर बेतलं ती कागदावर साक्षीदार क्रमांक एक असते. साक्षीच्या दिवशी तिची आठवण सगळ्यांना येते. उरलेल्या दिवसांत तिला लक्षात ठेवणं हे कुणाच्या ना कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहतं. हा हक्क अगदी छोटा दिसतो, पण त्याच्याइतका सहज बुडणारा दुसरा हक्क मी पाहिला नाही.

देवजीला त्याच संध्याकाळी धरलं. दिवाळीनंतर आमच्याकडचे अर्धे पाडे रिकामे होतात. माणसं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात ती होळीला परततात. जानकीचे आईबापही गेले. तिला त्यांनी शाळेच्या वसतिगृहात ठेवलं.

मधल्या काळात देवजीला जामीन झाला. घरच्यांना कळवायचा कागद माझ्याकडे आला. मी पाड्यावर गेले. घराला कडी, कडीला दोरी बांधलेली. हाक मारली. समोरच्या घरातली बाई म्हणाली, "भट्टीवं गेलीत." मी कागद दाराला चिकटवला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि खाली लिहिलं, घर बंद, नोटीस दारावर डकवली. परतीची जीप सुटायला आली होती, ती पकडायला धावले. नियमानं माझं काम पूर्ण झालं होतं. कुणी तपासलं असतं तरी शाबासकी मिळाली असती.

होळीला वसतिगृहाला सुट्टी लागली. जानकी पाड्यातल्या दुसऱ्या मुलींबरोबर घरी गेली. आईबाप अजून यायचे होते. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली. त्या दिवसांत आमच्याकडे विहिरी तळाला गेलेल्या असतात, झऱ्याचं पाणी साचेपर्यंत बायका काठावर बसून राहतात. ती हंडा लावून बसली होती. वर पाहिलं तर समोरच्या काठावर देवजी. त्यानं तिला हात लावला नाही, धमकी दिली नाही. हसून एवढंच विचारलं, "बरी हायस ना?"

हंडा तिथंच टाकून ती निघाली आणि चालत मोखाड्याला आली. वाटेत एकही जीप थांबवली नाही. दुपारी ठाण्याच्या दारात उभी राहिली, पाय धुळीनं माखलेले, ओठ सुकलेले. मी पाणी दिलं. तिनं घेतलं नाही.

"बाई," ती म्हणाली. माझ्याशी ती शाळेतली मराठी बोलायची. "तुम्ही सांगणार होतात."

मी म्हटलं, "मी आले होते गं. घर बंद होतं. दारावर कागद लावला."

"मी तर शाळेत होते," ती म्हणाली. "शाळा तुम्हाला माहीत होती."

शाळा आमच्या ठाण्यापासून चालत पाच मिनिटांवर होती. मी रोज भाजी आणायला तिच्या कुंपणावरून जायची.

नोकरीत मी शिव्या खाल्ल्या, एकदा दगडही खाल्ला. पण त्या वाक्यानं जे झालं ते कशानंच झालं नाही. ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती. एखाद्या मुलीनं मास्तरांना गणित चुकलंय हे दाखवावं, तशी बोलली. मी तिला पोटाशी घ्यायला गेले तर ती मागे सरकली.

फौजदार मॅडमनी त्याच आठवड्यात सरकारी वकिलांना गाठलं. न्यायालयानं जामिनाला अट घातली, देवजीनं खटला संपेपर्यंत त्या गावात पाऊल ठेवायचं नाही. तो त्याच्या बहिणीकडे दूर राहायला गेला. अट आधीच मागता आली असती. मागायला आपल्याकडून कुणी गेलंच नव्हतं, कारण जिच्यासाठी मागायची तिला काही कळलेलंच नव्हतं.

खटला उभा राहिला तेव्हा जानकी सोळाची झाली होती. साक्षीच्या दिवशी मी तिला आणि तिच्या आईला पहाटेच्या एस.टी.नं जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेले. घाटात आईला ओकाऱ्या झाल्या, जानकी खिडकीला डोकं टेकून होती. न्यायालयात मध्ये पडदा लावला होता. मुलीला आरोपी दिसू नये ही व्यवस्था. आरोपीचा वकील थेट तिला प्रश्न विचारत नाही. तो न्यायाधीशांना सांगतो, ते तिला विचारतात. तिथं दुभाषीही होता. न्यायाधीशांनी तिला विचारलं, "मराठीत सांगशील की घरच्या भाषेत?" ती म्हणाली, "बाकीचं मराठीत सांगते. ते मात्र घरच्या भाषेत सांगते." आणि तसंच केलं. दुभाषी मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि शब्दाला शब्द भाषांतर केलं. एकही शब्द गुळगुळीत केला नाही. त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

देवजीला दहा वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी बाहेर आल्यावर सगळे म्हणाले, चांगलं झालं. जानकीनं मला विचारलं, "सुटायची तारीख कोणती?"

मला ती सांगता येईना. दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं नसतात. आधी आत काढलेले दिवस वजा होतात, चांगल्या वागणुकीची सूट मिळते. नक्की तारीख तुरुंगालाच ठाऊक. मी म्हटलं, "आत्ता माहीत नाही. पण काढत राहीन." तिचा विश्वास नव्हता, आणि तो मागायचा मला अधिकारही नव्हता.

तेव्हापासून मी एक वही केली. माझ्या हातून गेलेल्या अशा प्रत्येक मुलीचं एक पान. आरोपी कुठल्या तुरुंगात, त्याचा कैदी क्रमांक काय, मुलगी सध्या कुठं राहते, तिला निरोप कुणाच्या फोनवर द्यायचा. ही वही कुठल्याही नियमात नव्हती. दर दोन-तीन महिन्यांनी मी देवजीच्या नाशिकच्या तुरुंगात फोन करायची. तिकडचा कारकून गमतीदार माणूस होता. तिसऱ्या वेळी म्हणाला, "ताई, तुमचं कोणी नात्यातलं आहे का आत? एवढी चौकशी तर बायकोही करत नाही." मी म्हटलं, "बायकोला तो परत यायला हवा असतो. मला तो कधी येतोय ते हवं आहे." पुढे तो स्वतःहून फोन करायला लागला. त्याच्या तुरुंगातल्या दुसऱ्या कैद्यांबद्दलही मला कळवायचा, मी त्या त्या ठाण्यातल्या ओळखीच्या बायकांना सांगायची. पाच-सहा जणींचं आमचं असं एक जाळंच तयार झालं. वरिष्ठांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे आपलं काम आहे का?" मी म्हटलं, "साहेब, आपलंच आहे." ते हसले आणि त्यांच्या फायलीकडे वळले.

जानकी बारावी झाली. तिच्याच पाड्याला अंगणवाडी मंजूर झाली आणि ती सेविका झाली. तिथल्याच बाईला ती नेमणूक मिळते. लग्नाआधी तिनं होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पोशेऱ्याकडचा, शांत मुलगा. ऐकून म्हणाला, "मग मीच तुझ्याकडं राहायला येतो. तू तुझी अंगणवाडी सोडू नको." असा तो सासरीच राहिला. हे मला तिच्या आईनं सांगितलं, बाजारात, या वेळी काकड्यांशिवाय.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू होतं तेव्हा कारकुनाचा फोन आला. देवजीची तारीख ठरली होती, वीस दिवसांनंतरची. मी त्याच दिवशी पाड्यावर गेले. अंगणवाडीत पंधरा-वीस पोरं पानं मांडून बसली होती आणि जानकी खिचडी वाढत होती. मला पाहून तिनं डाव खाली ठेवला.

"तारीख आली?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. तिनं डाव परत उचलला, शेवटच्या पोरापर्यंत वाढलं, हात धुतले आणि मग बाहेर येऊन ओट्यावर बसली. पदराला हात पुसले. मग म्हणाली, "बाई, या वेळी आलात."

तिनं मागचं कधीच काढलं नव्हतं. त्या दिवशीही एवढंच म्हणाली. मला पुरलं.

ही बातमी सरपंचांच्या कानावर गेली. सरपंच तरुण, तळमळीचा मुलगा. मोबाइलवर कुठंतरी वाचून तो ठाण्यात आला. "मॅडम, अशा गुन्हेगारांची यादी असते ना तुमच्याकडं? परदेशात ती लोकांना बघायला मिळते म्हणं. तुम्ही प्रिंट द्या, फोटोसकट. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतो. गावाला कळायला नको?"

यादी आहे. देशभरातल्या लैंगिक गुन्ह्यांतल्या गुन्हेगारांची नोंद पोलिसांच्या संगणकावर असते. पण ती पोलिसांनीच पाहायची असते. लोकांना दाखवायची नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो संतापला. "म्हणजे त्याची अब्रू सांभाळायची?"

खरं सांगते, त्या क्षणी मलाही त्याचंच पटत होतं. वीस पोरांची अंगणवाडी आणि तीन घरांवर देवजी. फळ्यावर लावायला काय हरकत, असं माझ्याही मनात आलं. मी म्हटलं, "आपण जानकीलाच विचारू."

आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. सरपंच आवेशात बोलला. ती ऐकत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "दादा, पाड्यात घरं किती?"

"तीस-बत्तीस."

"त्याचं नाव लावाल, फोटो लावाल. खाली लिवाल लहान मुलीवर अत्याचार. त्या वर्षी पाड्यात लहान मुली किती होत्या? माझं नाव न लिवता सगळे वाचतील. जे विसरले असतील तेही वाचतील. बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुना वाचतील. माझा पोरगा उद्या वाचायला शिकेल, तोही वाचेल."

सरपंचानं मोबाइल खिशात ठेवला. एवढी वर्षं कायद्याच्या कामात घालवलेली मी, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मोठ्या शहरात एका माणसाचं नाव लावलं तर ते एकाच माणसाचं नाव असतं. बत्तीस घरांत ते दोन माणसांचं होतं. देवजीचं खरं नाव मी इथे लिहीत नाही ते त्याच्यासाठी नाही.

"मग गावाला कळणार कसं?" सरपंचानं विचारलं, या वेळी हळू.

"ज्यांना कळायला हवं त्यांना मी सांगते," जानकी म्हणाली. "माझं मी सांगते."

पुढच्या आठवडाभरात ती अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाच्या घरी गेली. पोषण आहाराच्या निमित्तानं जाते तशीच. एका घरी मी सोबत होते. त्या आईला ती म्हणाली, "देवजीकाका सुटून येणार हाय. पोरांना त्याच्याकडं एकटं सोडायचं नाय. मला माहीत हाय म्हणून सांगते." एवढंच. त्या बाईनं जानकीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सुटायच्या दिवशी जानकीनं आणखी एक मागितलं. "त्यानं मला बघायच्या आधी मला त्याला बघायचंय." म्हणून आम्ही दोघी मोखाड्याच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीत बसलो. नवरा येतो म्हणाला होता, तिनं नको म्हटलं. दुपारी नाशिककडची गाडी आली. शेवटी एक पांढरट केसांचा माणूस उतरला, हातात नायलॉनची पिशवी. उतरल्यावर कुठं वळावं ते त्याला सुचेना, स्टँडची रचना बदलली होती. तो जागच्या जागी दोनदा फिरला.

जानकीनं त्याला नीट पाहून घेतलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग तिनं कप खाली ठेवला. "म्हातारा झाला," म्हणाली. आवाजात दया नव्हती आणि भीतीही नव्हती. "चला. पोरांसाठी पाटीवरचे खडू घ्यायचेत."

देवजी पाड्यावर दोन महिने राहिला. कुणी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. तो दिसला की बाया पोरांना आत घेत. त्याच्या ओट्यावर कुणी बसेना. मग एक दिवस तो कुठंतरी निघून गेला.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना माझ्याकडे चारित्र्य पडताळणीचं टेबल होतं. कुणाला नोकरी लागायची असली की पोलिसांकडून दाखला लागतो, या माणसावर गुन्हा नाही म्हणून. अर्जांच्या गठ्ठ्यात एक अर्ज होता, शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलांच्या वसतिगृहात पहारेकरी म्हणून. नाव देवराम, हेही मी बदललेलंच. संगणकावर यादीत नाव टाकलं, काही आलं नाही. गुन्ह्यांच्या नोंदीतही काही नाही. शिक्का उचलला आणि अर्जावरच्या फोटोकडे लक्ष गेलं.

खटल्याच्या कागदांत तो देवजी होता. पाड्यात सगळे तसंच म्हणायचे, अटक झाली तेव्हा त्याच्याकडे दुसरा कुठलाच कागद नव्हता. आता आधार कार्डावर देवराम. आमच्या डोंगरात निम्म्या माणसांची अशी दोन-दोन नावं असतात, त्यात त्याची काही लबाडी नसावी. यादी माणसाला शोधत नाही, अक्षरांना शोधते. त्या दिवशी मी रजेवर असते तर दाखला गेला असता.

मी नकाराचा अहवाल लिहिला, दोन्ही नावं एकाच नोंदीत जोडून घेतली. चौथ्या दिवशी तो स्वतः ठाण्यात आला. मला त्यानं ओळखलं. टेबलासमोर हात जोडून उभा राहिला.

"बाय, शिक्षा भोगली ना मी?" म्हणाला. "पुरी भोगली. अजून किती भोगायची?"

"शिक्षा संपली," मी म्हटलं. "पण पोरं असतील तिथं तुला काम मिळणार नाही. कधीच नाही."

"मग जगायचा कसा?"

याचं उत्तर कुठल्याही कायद्यात मी वाचलेलं नाही. त्याचा राग मला होताच, आजही आहे. पण समोर उभा होता तो उपाशी माणूस होता, हेही खरं. मी त्याला वनखात्याच्या रोपवाटिकेचं सांगितलं. तिथं खड्डे खणायला माणसं लागतात आणि पोरं नसतात. तिथल्या साहेबांना त्याच्यासमोरच फोन लावला आणि त्याचं सगळं मागचं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. ते घ्यायला तयार झाले. तो गेला. मी बरोबर केलं की नाही, माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

सवयीप्रमाणे हे सगळं सांगायला मी जानकीकडे गेले. पोरं आपापल्या घरी गेली होती, ती सतरंज्या झटकत होती. मी अर्जाचं सांगितलं, नाव बदलल्याचं सांगितलं, तो आता कुठं कामाला आहे ते सांगितलं. ती ऐकत सतरंजीच्या घड्या घालत होती. शेवटची घडी घालून झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसली.

"बाई, तुम्ही दाखला दिला नाय, फार बरं केलंत," ती म्हणाली. "पण एक सांगू? राग नाय ना येणार?"

"सांग."

"तुम्ही वाटेवर दिसलात की माझ्या छातीत धस्स होतं. तुम्ही चांगल्या म्हणूनच येता, ते मला कळतं. पण तुम्ही आलात की मी परत तेरा वर्षांची होते. तो कुठं हाय, काय करतो, ते मला आता नको." तिनं सतरंजी बाजूला सारली. "तो सुटला, बाई. आता मलाही सोडा."

कळण्याचा हक्क तिचा होता. नको म्हणण्याचाही तिचाच होता. पहिला मी एकदा बुडवला होता, दुसरा बुडवायचा नव्हता. मी म्हटलं, "बरं. आता त्याचं काही घेऊन येणार नाही."

मी उठले, पिशवी खांद्याला लावली. ती दारात आडवी आली.

"जाता कुठं? मघाशी कामाला आलात. आता बसा की."

तिनं चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं. तिचा मुलगा बाहेरून धावत आला, मला पाहून दारात थबकला आणि आईला विचारू लागला, ही कोण?

"पाहुणी हाय," जानकी म्हणाली. "कप आण."